एका ब्रेकपायी: सांगली ते सातारा

सांगलीच्या विश्रामबागेतून निघाले तेव्हा माझं डोकं शांत होतं, हे आधीच सांगून ठेवते. साताऱ्याला पोहोचेपर्यंत ते तसं राहिलं नाही, आणि परत येऊन हे लिहायला बसले तरी अजून राहिलेलं नाही.

साताऱ्याजवळच्या डोंगरात माउंटन बाइकची, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलींची शर्यत होती. महिलांच्या गटात आम्ही दोघींनी नावं दिली होती, मी आणि माझी नणंद सुरेखा. मी सांगलीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पन्नाशी फार लांब नाही आणि शर्यत जिंकायची आशा मी कधीच सोडलेली आहे. डोंगर चढायला आवडतात म्हणून जाते. सुरेखाचं तसं नाही. ती जिंकायला जाते. शिराळ्याला तिचं सासर, नवरा सैन्यात, उसाची शेती ती आणि तिची सासू मिळून बघतात. रानात जायला म्हणून तिने सायकल धरली आणि बांधावरून, ओढ्यातून, न उतरता चढ चढायची तिला अशी सवय लागली की शर्यतीत ती भल्याभल्यांना मागे टाकू लागली. गेल्या सुट्टीत नवऱ्याने तिला नवी सायकल घेऊन दिली. मी सांगलीहून सायकलनेच निघायचं, शिराळ्यात सुरेखाला घ्यायचं आणि दोघींनी डोंगराच्या अंगाने साताऱ्याला जायचं, असं ठरलं. तेवढाच सराव.

माझी सायकल जुनी आहे. आमच्या गावातल्या एका मोठ्या सायकल-दुकानाचे मालक तिच्याकडे बघून म्हणाले होते, "मॅडम, ही आता वजनावर विकायची." मग माझ्या खांद्यावरून मागे बघत त्यांनी विचारलं होतं, "सर नाही आले?" सर घरी कणीक मळत होते, पण ते मी सांगितलं नाही. या दुकानांत तुम्ही कुठल्या वाटेने जाता, चढ किती, माती कसली, गुडघे कसे आहेत, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांत हलकं काय आणि सगळ्यांत नवं काय, एवढंच दाखवतात. माझ्या गाडीला पुढचं दातेरी चाक लहान आहे, कारण मला चढावर पाय फिरते ठेवायचे असतात. टायर जाड आहेत, कारण मला बाभळीचे काटे माहीत आहेत. आणि ब्रेक केबलचे आहेत. लिव्हर दाबली की तार ओढली जाते आणि चाकाच्या मध्ये बसवलेल्या चकतीला पॅड दोन्हीकडून चिमटतात. लांबच्या उतारावर बोटं आंबून जातात, हे कबूल. सुरेखाच्या नव्या गाडीत तारेऐवजी तेल आहे, एका बोटाने गाडी थांबते. नीट राखले तर तेच ब्रेक चांगले, यात वाद नाही. नीट राखले तर.

कृष्णेचा पूल ओलांडून आष्ट्याच्या रस्त्याला लागले आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. हंगाम जोरात होता. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर, मागे लाल कापडाचं चिंधूकसुद्धा नाही आणि पुढे कर्ण्यावर गाणी. ट्रॅक्टरवाल्याला मागचं ऐकू येत नाही, दिसत नाही, आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. ट्रॉलीतून पडलेलं पाचट (उसाची वाळलेली पानं) रस्ताभर पसरलेलं. त्यातली एक लांब पात माझ्या मागच्या चाकात गेली, चेन सरकवणाऱ्या पंज्यात गुंडाळली आणि तो पंजा चाकाच्या आऱ्यांकडे ओढला गेला. कचकन आवाज आला तशी मी पाय थांबवले. आणखी एक फेरा मारला असता तर पंजा आऱ्यांत जाऊन सगळंच संपलं असतं. रस्त्याकडेला बसून पात कापून काढली. पंजा ज्या पट्टीला लटकतो ती जराशी वाकली होती. ती हलक्या हाताने सरळ केली आणि शेवटचा गिअर घालायचा नाही असं स्वतःला बजावून पुढे निघाले.

पेठ गावाच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर थांबले. कढईवरची वाफ लांबूनच नाकाला ओढत होती. गुळव्याने (गूळ शिजवणाऱ्या कारागिराने) वाटीभर काकवी (गुळाआधीचा दाट पाक) दिली आणि विचारलं, "एकट्याच? मालक कुठं मागं ऱ्हायलं?"

"मालक नाहीत. मीच आहे."

"न्हाई, मंजी सायकल कुनाची ही?"

"माझीच."

तो हसला, आणखी थोडी काकवी वाढली आणि म्हणाला, "मग आनखी खावा. शिराळ्यापातूर चढ हाय." त्या दिवसात मला भेटलेला हा पहिला माणूस ज्याने माझ्या वाटेचा विचार केला.

शिराळ्यात पोहोचले तेव्हा सुरेखा दारातच सायकल उलटी करून बसली होती. तिची सायकल आदल्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून सांगलीहून परत आली होती. त्याच मोठ्या दुकानातून. शर्यतीआधी सगळी गाडी तपासून देतो, ब्रेकचं तेल बदलून देतो, असा त्यांचा तिला फोन आला होता, म्हणून तिने पाठवली होती.

"वहिनी, बगा की. चाक फिरवलं की लगेच थांबतंय."

मी फिरवून बघितलं. पुढचं चाक दीड-दोन फेऱ्यांत थांबत होतं, मागचं जरा उशिरा. पॅड चकतीला घासत होते. पॅडचा सांगाडा जरा सैल करून, लिव्हर दाबून धरून पुन्हा आवळला, की तो बहुतेक वेळा मधोमध बसतो. तसं केलं. चाक जरा मोकळं झालं. सुरेखाने दुकानात फोनही लावला. तिकडून उत्तर आलं, "पॅड नवीन आहेत ताई, घासून घासून बसतील."

सुरेखाच्या सासूबाईंनी चुलीवरची भाकरी, वांग्याचं कालवण आणि खर्डा (भाजून ठेचलेली हिरवी मिरची) वाढला. सकाळी निघताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सावकाश जावा. आनी हिला लय पुढं पळू दिऊ नगा."

ती पळालीच. शेडगेवाडी फाट्यापासून उंडाळ्याकडे जाणारा रस्ता छोट्या छोट्या डोंगरांतून वळत जातो. दोन्हीकडे वाळलेलं पिवळं गवत, मधेच एखादा ज्वारीचा हिरवा तुकडा. चढ आला की सुरेखा दिसेनाशी व्हायची आणि माथ्यावर माझी वाट बघत उभी असायची. पण त्या दिवशी ती घामाने निथळलेली दिसत होती.

"गाडी जड जातीया," ती म्हणाली. "कुनीतरी मागं धरून बसल्यासारकी."

पुन्हा सांगाडा सैल केला, पुन्हा आवळला. कराडात उसाचा रस प्यायलो, हमरस्त्यावरची धूळ खात उंब्रज गाठलं आणि चाफळला मुक्काम केला. तिथे भक्तनिवासात खोली मिळाली. पिठलं-भाकरी खाऊन सुरेखा सायकलीपाशी जाऊन बसली. लिव्हर दाबली की लगेच परत येत नव्हती. झोपेतून उठल्यासारखी हळूहळू यायची. तिने परत दुकानात फोन केला. या वेळी मालक स्वतः बोलले. "नवीन तेल आहे, सेट व्हायला वेळ लागतो. चालवत रहा." तेल सेट होत नसतं. ते काय दही आहे? मी तसं म्हणणार तोवर त्यांनी फोन ठेवला होता. मग आम्ही ठरवलं, डोंगरमाथ्यापर्यंत सावकाश जायचं, उतारावर त्याहून सावकाश, आणि साताऱ्यात पोहोचल्यावर ब्रेक उघडून बघायचा.

चाफळवरून सडावाघापूरची चढण सकाळच्या उन्हात चढलो. सडा (डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट रान) पावसाळ्यात हिरवागार असतो. आता तो काळा आणि तांबूस होता, मधे मधे गवताचे वाळलेले पुंजके. पवनचक्क्या फिरत होत्या. त्यांच्या पात्यांचा आवाज जवळ गेल्यावर सुपाने धान्य पाखडल्यासारखा येतो. वारा इतका की सायकल हाताने धरून उभं राहावं लागत होतं. एका गुराख्याने लांबून हाक दिली, "कुठल्या वं?" सुरेखाने ओरडून सांगितलं, "शिराळ्याच्या!" तो म्हणाला, "लय लांब आलासा!" तिच्या तोंडावर त्या सकाळी जो आनंद होता तो मी विसरणार नाही, म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

तारळ्याकडचा उतार सुरू झाला. ती पुढे, मी हाक मारता येईल एवढ्या अंतरावर मागे. पहिली दोन वळणं ती हळू उतरली. तिसऱ्या वळणाआधी मला तिचा आवाज ऐकू आला, "वहिनी, धरत न्हाई!" तिच्या दोन्ही हातांची बोटं लिव्हरवर होती आणि दोन्ही लिव्हर हँडलच्या मुठींना टेकल्या होत्या. समोर रस्ता डावीकडे वळत होता आणि उजवीकडे दरी. सुरेखाने एका क्षणात ठरवलं असणार. वळणावर जायच्या आधीच तिने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. गवत, मुरूम, दगड. सायकल एकीकडे गेली, ती दुसरीकडे.

मी पोहोचले तेव्हा ती बसलेली होती. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरला होता. चेहरा पांढराफटक.

"डोकं लागलं का?"

"न्हाई. खांदा." मग ती म्हणाली, "सायकल बगा."

मी तिच्यावर ओरडले. सायकल गेली खड्ड्यात, म्हटलं. पण ती पाणी पिऊन जरा सावरली आणि वडापची (सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी) जीप यायची होती, तेवढ्यात मी सायकल उचलून आणली. लिव्हरच्या कडेने तेल झिरपत होतं. ते ओघळून सायकलीच्या दांड्यावर आलं होतं, आणि तिथला रंग फुगून आला होता. बोट लावलं तर सालपट निघालं.

इथे मला रागाचा पहिला खरा झटका आला. मी रसायनशास्त्र शिकवते. सायकलींच्या ब्रेकमध्ये दोन जातींचं द्रव असतं. काहींना खनिज तेल लागतं, काहींना मोटारसायकलीच्या ब्रेकमध्ये असतं तसलं. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पण ब्रेकच्या आतली रबरी वायसरं यांपैकी एकासाठीच बनवलेली असतात. दुसरं भरलं की रबर फुगतं, मऊ पडतं. आधी ब्रेक अडकून राहतो, म्हणून चाक घासतं. मग रबर दम सोडतं आणि ब्रेक उरतच नाही. खनिज तेलाने रंग जात नाही. मोटारसायकलीच्या ब्रेक ऑइलने जातो. सुरेखाच्या लिव्हरच्या झाकणावर, खनिज तेलच वापरा, असं कोरलेलं आहे. स्क्रू काढताना डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतं ते. ज्याने झाकण उघडलं, त्याने ते बघितलं नसेल असं होत नाही. बघितलं आणि सोडून दिलं.

तारळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खांदा बघून हात झोळीत बांधला, हासळीचं हाड मोडलेलं दिसतंय, साताऱ्यात एक्सरे काढा, म्हणाल्या. साताऱ्याच्या एक्सरेत तेच निघालं. ऑपरेशन लागणार नव्हतं, पण दोन-तीन महिने सायकल नाही. ते ऐकूनही सुरेखा रडली नाही. रडली ती जिन्यात, नवऱ्याला फोन लावल्यावर. त्याने घेऊन दिलेली सायकल, असं काहीतरी म्हणत होती. मी लांब उभी राहिले.

मग मी दुकानात फोन केला. मालक म्हणाले, "अरे बापरे, पडल्या का ताई? थोडक्यात वाचल्या म्हणायचं." तेल कुठलं भरलं, असं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, ऑइल ते ऑइल. ब्रेकचंच आहे. आणि आम्ही साताऱ्यातच आहोत, रेसला आमचा मांडव आहे. गाडी घेऊन या, फ्रीमध्ये करून देतो."

मांडव आहे. म्हणजे शर्यतीला आलेल्या लोकांच्या सायकली तिथे ते बघत होते. मी सुरेखाला लॉजवर झोपवायला निघाले, तर ती म्हणाली, "मी न्हाई झोपत. चला."

यवतेश्वराचा घाट चढून गेल्यावर आत एका वाडीजवळ शर्यतीचं मैदान होतं. दुपार कलली होती. रंगीत पताका, कमान, वडापावचा गाडा, स्पीकरवर देशभक्तीची गाणी. छातीवरचे नंबर घ्यायला आलेले लोक आणि एका कोपऱ्यात दुकानाचा मोठा निळा मांडव. समोर रांग. फुकट ब्रेक सर्व्हिस, असा फलक. एक कामगार ओळीने सायकली स्टँडला लावत होता, झाकणं उघडत होता आणि एकाच बाटलीतून सगळ्यांना तेल भरत होता. ज्यांना ते चालतं त्यांना, ज्यांना चालत नाही त्यांनाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ही माणसं याहून तीव्र उतारावर उतरणार होती.

मी त्या बाटलीवर हात ठेवला. "थांबवा हे."

मालक स्टुलावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. सुरेखाची झोळी बघितली. "बसा ताई, चहा घ्या."

"चहा नको. यातल्या कुठल्या सायकलींना खनिज तेल लागतं ते वेगळ्या काढा. आणि ज्यांत हे भरलंय त्यांना सांगा, गाडी चालवू नका."

"मॅडम, परदेशातल्या रेसिंग गाड्यांना हेच ऑइल असतं."

"त्या गाड्यांना असतं. यांना नाही. झाकणावर लिहिलेलं वाचा."

"कंपन्या लिहितात हो. त्यांना त्यांचं तेल खपवायचं असतं."

रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. कोणी मोबाइल काढला, कोणी हसलं. एकजण म्हणाला, "काकू, आम्हाला सराव करायचाय, लवकर आवरा." आयोजकांपैकी एक गृहस्थ धावत आले. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुम्ही स्पर्धक आहात की इन्स्पेक्टर? हे आमचे टेक्निकल पार्टनर आहेत. असं लोकांसमोर बोलू नका." माझ्या नणंदेचं हाड मोडलंय, म्हटलं. ते म्हणाले, "त्याबद्दल वाईट वाटतं. पण घाटात माणूस पडतो. ब्रेकमुळेच पडली कशावरून?"

मी काही बोलायच्या आत सुरेखा पुढे झाली.

"आवं साहेब, मी ल्हानपनापास्नं उतारावर हाय. मला पडायचं असतं तर कवाच पडलो असतो. ब्रेक मुठीला लागला. तवा मी डोंगराकडं गाडी घातली, न्हाईतर तुमी आज माझ्या घरच्यांना फोन करत बसला असता."

पण मालक हसले. "पडलं की सगळे ब्रेकलाच नाव ठेवतात."

मग मला सुचलं ते मी केलं. बाटली घेतली, त्यांच्या बाजूला हिरव्या ऑइलपेंटचं एक लोखंडी टेबल होतं, त्यावर हत्यारं मांडली होती. हत्यारं बाजूला सारून टेबलाच्या कोपऱ्यावर मी तेलाचे चार थेंब टाकले. "तुम्ही म्हणता ऑइल ते ऑइल. खनिज तेल असेल तर या रंगाला काही होणार नाही. थांबू या."

आयोजक म्हणाले, हे काय चाललंय. मालक म्हणाले, नुकसानभरपाई द्यावी लागेल. वाद सुरू राहिला, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, आणि बोलता बोलता त्या कोपऱ्यावरचा रंग सुरकुतला. तापलेल्या दुधावर साय धरते तसा वर आला. रांगेतल्या एका मुलीने, फलटणहून आलेली होती ती, पुढे वाकून बोट लावलं. रंग बोटाला चिकटून आला. तिने बोट बघितलं आणि मग स्टँडवरच्या स्वतःच्या सायकलीकडे बघितलं. "माझ्यात भरलं तुम्ही हे? सकाळी? म्हणून चाक घासतंय?"

कामगाराने मालकाकडे बघितलं. मालकाने कोणाकडेच बघितलं नाही.

आता लोक हसत नव्हते. सगळेजण आपापल्या लिव्हरवर वाकले. आणि एवढं होऊनही आयोजकांचं म्हणणं काय, तर स्पर्धा थांबवता येणार नाही, पाहुणे येणार आहेत, सायकल ही ज्याची त्याची जबाबदारी. मी त्यांना विचारलं, हेल्मेटवर तुमच्या प्रायोजकांचे स्टिकर नीट लावलेत की नाही ते तुम्ही सकाळी तपासणार आहात ना? मग ब्रेक का नाही? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही विनाकारण वातावरण बिघडवताय.

उतारावरची व्यवस्था त्या वाडीतल्या एका निवृत्त सुभेदारांकडे होती. ते इतका वेळ कमानीजवळ उभे राहून ऐकत होते. उंच, पांढऱ्या मिशा, अंगात ट्रॅकसूटचं जुनं जाकीट. ते टेबलाजवळ आले, कोपरा बघितला, आणि आयोजकांना म्हणाले, "उतारावर मानसं माजी हायती. सकाळी डोंगराच्या तोंडाला मी सोता उभा ऱ्हानार. ज्याचा ब्रेक धरत न्हाई, ती गाडी खाली जानार न्हाई."

"सुभेदार, असं परस्पर कसं ठरवता?"

"मग तुमी तुमची मानसं लावा," ते म्हणाले. "माजी घरी नेतो."

विषय तिथे संपला.

सकाळी शर्यत सुटली. चढ संपून उतार सुरू होतो तिथे सुभेदार आणि त्यांची माणसं एकेक सायकल धरून, ब्रेक दाबायला लावून पुढे ढकलून बघत होती. चाक फिरलं की गाडी बाजूला. बऱ्याच गाड्या बाजूला गेल्या. फलटणची ती मुलगी सगळ्यांत पुढे चढून आली होती आणि तिचं पुढचं चाक लिव्हर दाबूनही फिरलं. ती सुभेदारांशी भांडली, विनवण्या केल्या, शेवटी कठड्यावर बसून हमसून रडली. मी तिच्याजवळून गेले. माझ्या केबलच्या ब्रेकने मला पुढे जाऊ दिलं. मागून कोणीतरी मला उद्देशूनच म्हणालं, "ह्या बाईमुळे." त्या मुलीने वर्षभर तयारी केली होती. तिचा नवा ब्रेक आता धुऊनही उपयोग नव्हता. रबर एकदा फुगलं की सगळा ब्रेकच टाकावा लागतो. आणि तिला वाटत होतं, तिचं नुकसान मी केलं.

मी शर्यत पुरी केली. कितवी आले ते सांगण्यासारखं नाही. उतारावर बोटं आंबली, डोळ्यांतून पाणी आलं, ते वाऱ्याने की कशाने, मला सांगता येणार नाही.

बक्षीस समारंभात टेक्निकल पार्टनरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. निवेदकाने टाळ्या मागितल्या. टाळ्या पडल्या. कालच्या रांगेतले काहीजण खाली बघत होते, पण तेही वाजवत होते. सुरेखाला एका हाताने टाळी वाजवता येत नव्हती. "बरं झालं," ती म्हणाली.

परतताना टेम्पोत दोन्ही सायकली टाकून शिराळ्याला आलो. सुरेखाच्या सासूबाई मला काय बोलतील याची मी वाटभर तयारी केली होती. त्यांनी सुनेचा खांदा बघितला, तिला गादीवर बसवलं, दूध दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यो दुकानदार कुठं बसतो? मला एकदा घिऊन चला." मी म्हटलं, मी जातेच आहे.

वाटेत मला जेवढे लोक भेटले तेवढ्यांनी एकच सांगितलं. थोडक्यात निभावलं. देवाची कृपा. सोडून द्या आता. आपल्याकडे कोणाचं हाड मोडलं की लगेच हिशोब असा लागतो की जीव वाचला, म्हणजे फायदाच झाला. मग कोणी केलं हे विचारायचं कारण उरत नाही. ज्याने केलं त्यालाही हे चांगलं ठाऊक असतं.

सांगलीत आल्यावर तशीच दुकानात गेले. गिऱ्हाईकं होती. एक वडील शाळकरी मुलीसाठी सायकल बघत होते. मालकाने मला बघितलं आणि लगेच हात पुढे केला, "या मॅडम. ताई कशा आहेत? बघा, तुमचं ऐकलं." कपाटात खनिज तेलाच्या नव्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. ताईंना नवा ब्रेक आमच्याकडून, विषय मिटवून टाकू, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"साताऱ्याआधी ज्यांना ते चुकीचं तेल भरलं त्यांचं काय?"

"कोण?"

"तुमची गिऱ्हाईकं. सुरेखासारखी. ते आत्ता कुठेतरी उतारावर असतील."

"मॅडम, आता कुणाकुणाला शोधणार? त्यांना काही झालं तर येतील ना ते."

काही झालं तर. मी तिथली एक खुर्ची ओढली आणि दारात बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालून जावं लागेल अशी. "तुमच्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे नंबर आहेत," मी म्हटलं. "सुरेखाला फोन तुम्हीच केला होता. आता यांना करा. मी बसते."

"मॅडम, दुकान आहे हे."

"असू दे."

मुलीच्या वडिलांनी विचारलं, काय झालंय. मी सांगितलं, मोठ्याने, पहिल्यापासून. त्यांनी हातातली सायकल स्टँडला परत लावली आणि तेही थांबले. चहा आला, गार झाला. मालक आत गेले, बाहेर आले, पंखा वाढवला, कमी केला. शेवटी त्यांनी फोन उचलला.

"हॅलो. हां, मी सायकलच्या दुकानातून... तुमचा ब्रेक जरा परत दाखवायला आणा. नाही, तसं विशेष काही नाही..."

"विशेष आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलीच्या वडिलांकडे बघितलं. "हॅलो. ऐका. ती सायकल चालवू नका. हो, अजिबात नाही. ब्रेकमध्ये तेल चुकीचं भरलंय." पलीकडून, कोणी भरलं, असं विचारलेलं मलाही ऐकू आलं.

"आम्ही," ते म्हणाले. "आमच्याकडून."

मग त्यांनी पुढचा नंबर लावला. मी खुर्ची हलवली नाही.